डिंकाची दिशा

आज सकाळी अकिहाबारा स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर मी उजवीकडे उभी राहिले. हातात फुलांचा मोठा गुच्छ होता, डोक्यात भलतंच काही चाललं होतं, आणि पाय आपले जाऊन उजव्या कठड्याला लागले. मागून कुणीतरी "माफ करा" म्हणालं. शब्द माफीचे, सूर मात्र 'हो की बाजूला' असा. वळून पाहिलं तर करड्या कोटातला एक माणूस, त्याच्यामागे आणखी पाचसात, सगळे घाईतले, सगळे माझ्यामुळे खोळंबलेले; आणि डावीकडे एकामागे एक शहाण्यासारखी उभी असलेली माणसांची अख्खी रांग. टोकियोत डावीकडे उभं राहायचं आणि उजवी बाजू चालणाऱ्यांना सोडायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी कशीबशी त्या रांगेत घुसले. तो माणूस मला घासून पुढे गेला आणि गुच्छातल्या एका लिलीची मान मोडली. वाकली म्हणायला हवं, पण मला मोडलीच वाटली. विद्यापीठाकडे जाणाऱ्या गाडीचा फलाट इतका खोल आहे की एक जिना संपतो तोच दुसरा लागतो. तेवढा सगळा वेळ माझे कान तापलेले होते. या शहरात निम्मं आयुष्य काढून पाय आज ओसाकाला गेले कसे? ओसाकात उजवीकडे उभं राहतात. तिथे जन्मलेल्या माणसाचे पाय तसेच वळतात, हे खरं. पण माझे पाय मी इथे आल्याच्या पहिल्याच वर्षी सरळ करून घेतले होते.

हा जिना म्हणजे आमच्या मुनाकातासरांचा लाडका दाखला. शाळकरी मुलांसमोर बोलायचं असो की मंत्र्यासमोर, सरांचा जिना ठरलेला. "जिन्याला डावं-उजवं काही नसतं," सर म्हणायचे. "दोन्ही बाजू सारख्या. कायदा नाही. पाटी आहे, पण ती म्हणते दोन्हीकडे उभे राहा, आणि पाटी कोण वाचतो? तरी टोकियो डावीकडे जातं, ओसाका उजवीकडे. कुणी ठरवलं? कुणीच नाही. आपणहून ठरलं. आणि क्योतोत? क्योतोत पुढचा जिथे उभा, तिथे मागचा." इथे हशा. मग माझ्याकडे बोट. "ही आमची कुराहाशी. ओसाकाची. आता सुधारली." इथे आणखी मोठा हशा, आणि मी उठून किंचित वाकून तो स्वीकारायचा. किती वाकायचं तेही आता अंगवळणी पडलंय. मग सर स्फटिकावर यायचे. काळा, चकचकीत, तिळाएवढा धातूचा स्फटिक. आत अणूंची मांडणी बुद्धिबळाच्या पटासारखी, जे लांबीला तेच रुंदीला. वीज लांबीनं सोडा की रुंदीनं सोडा, अडथळा सारखाच. पण थंड करत नेला की उणे दीडशे अंशांच्या आसपास काहीतरी होतं. एका दिशेनं वीज सहज जाते, दुसरीनं अडखळते. अणू जागचे हललेले नसतात, पट तसाच चौरस असतो. बदललेले असतात ते आतले इलेक्ट्रॉन. सगळ्यांनी मिळून एक दिशा धरलेली असते. कुणी न सांगता, बाहेरून कुणी न ढकलता, सममिती मोडलेली असते. या एका गोष्टीवर सरांचं नाव झालं, पदकं आली, आमच्या प्रयोगशाळेला इमारतीचा अख्खा मजला मिळाला. आणि आज दुपारी याच गोष्टीवर त्यांचं अखेरचं व्याख्यान होतं. आमच्याकडे प्राध्यापक निवृत्त होताना असं एक व्याख्यान देतो. जुने विद्यार्थी गावोगावाहून येतात, बायको पहिल्या रांगेत किमोनो नेसून बसते, शेवटी टाळ्या आणि फुलं. प्रश्न कुणी विचारत नाही. विचारायचा नसतो.

मला विचारायचा होता. पिशवीत एक छायाचित्र होतं, करड्या रंगाचं, ज्यात काहीही दिसत नाही असं, आणि ते काहीही न दिसणं मला सरांना सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. सर अजून सर आहेत तोवर. एप्रिल उजाडला की ते निवृत्त होऊन मानद प्राध्यापक होणार; मग त्यांच्याविरुद्ध बोलणं म्हणजे पाठमोऱ्या म्हाताऱ्याला दगड मारणं, आणि असं करणाऱ्या बाईला आमच्या धंद्यात पाणी विचारायला कुणी येत नाही. एप्रिल उजाडला की मीही इथे नसणार. माझी नेमणूक मुदतीची, मुदत या महिन्यात संपते आणि पुन्हा वाढत नाही. ओसाकातल्या एका विद्यापीठात कायमची जागा निघाली आहे, तिथला विभागप्रमुख सरांचा वर्गमित्र, आणि सरांनी एक शब्द टाकला की काम झालं हे सगळ्यांना माहीत आहे. "व्याख्यान एकदा पार पडू दे, मग फोन करतो," सर म्हणाले होते. त्यात धमकी नव्हती. सरांनी आयुष्यात कुणाला धमकी दिलेली नाही, द्यायची वेळच आली नाही. पण मला कळायचं ते कळलं.

सकाळी बूट घालत होते तेव्हाच आईचा फोन आला होता. आई ओसाकात, सेम्बाच्या घाऊक बाजारात बटणांचं दुकान चालवते. गुडघे गेलेत, म्हणून बसून चालवते, एवढाच फरक.

"काय गं, झालं का तुझं नक्की?"

"अजून नाही. सर फोन करणारेत."

"कधी करणार? मी मेल्यावर?"

"आज त्यांचं व्याख्यान आहे, आई. उद्या करतील."

"मग आज गोड बोल त्यांच्याशी. तुझी जीभ बापावर गेलीय. आणि बोलतेस कशी गं तू, बातम्या वाचल्यागत? घरात तरी माणसासारखं बोल."

मी माणसासारखं बोलायला गेले, म्हणजे ओसाकाचं बोलायला गेले, आणि ते इतकं खोटं निघालं की आई खो-खो हसली. टोकियोत लोक मला ओसाकाची म्हणतात आणि ओसाकात टोकियोची. माझी जीभ मधल्यामध्ये कुठेतरी, नागोयाच्या आसपास अडकली असावी. आई हसते तेव्हा मला एकदम दुकानातला तो वास आठवतो, शिंपल्यांच्या बटणांचा, ओला आणि खारट. माझं सगळं लहानपण त्या खणांसमोर गेलं. पुरुषांची बटणं उजव्या पदराला, बायकांची डाव्या. का, असं मी आईला एकदा विचारलं तर म्हणाली, "का म्हणजे? तशी असतात." आमच्या घरात सगळ्याच गोष्टी तशा असत. मी दुकानात बसायचं हे तसं होतं, आणि समोरच्या झिपवाल्यांच्या मोठ्या मुलाशी लग्न करायचं, म्हणजे बटणं आणि झिपा एकत्र नांदतील, हेही तसंच होतं. मुलगा वाईट नव्हता. त्याला माझ्याशी काही बोलायचं नव्हतं आणि मला त्याच्याशी, एवढंच. अशा दिवसांत ओसाकातल्याच नाकानोशिमाच्या सभागृहात मुनाकातासरांचं भाषण होतं आणि मी पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसले होते. सर तेव्हा चाळिशीतले, केस काळे, आवाज बारीक. जिना झाला, हशा झाला, मग स्फटिक आला. "कुणी ढकललं नाही," सर म्हणाले, "सगळ्या बाजू अगदी सारख्या होत्या, कुणीकडे झुकायला काही कारण नव्हतं. तरी ते झुकले. आपणहून." माझ्या अंगावर काटा आला. जगात असं काही असतं, की ज्याला 'तसं असतं' हे उत्तर लागू पडत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी सांगितलं. पुढच्या एप्रिलमध्ये मी टोकियोची गाडी पकडली. आई स्टेशनवर आली नाही, बाबा आले. झिपवाल्यांनी दोन वर्षं आमच्या दुकानाकडे पाहिलं नाही. आणि मी स्वतःला सांगत आले की मीही आपणहून झुकले.

माणूस वाईट असता तर सगळं सोपं होतं. बाबा गेले तेव्हा सर शेवटच्या गाडीनं ओसाकाला आले, दुसऱ्या दिवशी सगळे विधी होईपर्यंत थांबले, आणि पाहुणे पांगल्यावर आईशेजारी बसून सांडलेली बटणं आकारानुसार निवडत राहिले. आई अजून म्हणते, "तुझे सर म्हणजे काय बोटं आहेत, एकही बटण चुकलं नाही." खरंच, सरांची बोटं प्रसिद्ध होती. स्फटिक मोजायचा तर आधी कशावर तरी चिकटवावा लागतो, आणि सरांसारखं चिकटवणं अख्ख्या देशात कुणाला जमत नाही असं म्हणत. चांदीची भुकटी घातलेला डिंक टूथपिकच्या टोकावर घ्यायचा, काचेसारख्या छोट्या चकतीवर त्याची एक बारीक रेघ ओढायची, आणि स्फटिकाची एक कड त्या रेघेवर अलगद टेकवायची. चकतीच्या कडेला स्फटिकाची कड अगदी समांतर. नवा विद्यार्थी आला की आधी कितीतरी दिवस तो फक्त हेच शिकायचा. तिरका लागला तर सर रागवत नसत. काढून टाकत आणि टूथपिक परत हातात देत. दारात काढलेल्या चपला जशा बाहेर तोंड करून ओळीनं लावून ठेवायच्या, तसा आमचा स्फटिक. आमच्यात आळशी माणूस टिकतच नसे. एक जरी टिकला असता, एखाद्यानं जांभई देता देता एक स्फटिक वाकडा चिकटवला असता, तर सगळं तेव्हाच उघडं पडलं असतं. पण डिंक दर वेळी त्याच कडेला, आणि दिशा दर वेळी तीच. आम्ही छाती फुगवून म्हणायचो, बघा, कितीही वेळा करा, उत्तर बदलत नाही. परदेशातल्या दोन प्रयोगशाळांना हे जमलं नव्हतं. त्यांची दिशा कधी अशी यायची, कधी तशी, कधी यायचीच नाही. "त्यांचे स्फटिक घाणेरडे," असं आमचा काजितानी म्हणायचा, आणि त्यावर चहाच्या वेळी सगळी प्रयोगशाळा हसायची.

गेल्या शरदात एका मोजणीत दिशा आलीच नाही. लांबीचा आकडा आणि रुंदीचा आकडा हातात हात घालून खाली जात राहिले, थेट तळापर्यंत. मला वाटलं तारा उलटसुलट जोडल्या गेल्या. उघडून पाहिलं तर डिंक जुना असल्यामुळे थंडीत सुटला होता, आणि स्फटिक वीज सोडायच्या चार सोन्याच्या तारांवर लोंबकळत होता. केसाहून बारीक तारा. त्यावर तो तीळ, झोळीत झोपलेल्या बाळासारखा. मी आधी डिंकाला शिव्या दिल्या. मग हात थांबला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम, डिंक न लावताच, दुसरा स्फटिक टांगला. सारखंच. तिसरा टांगला. सारखंच. मग एक स्फटिक तिरका चिकटवायचा ठरवलं, आणि सांगून खरं वाटणार नाही, तिरकं चिकटवायला हात तयार होईना. बोटं पुन्हा पुन्हा सरळ व्हायची. शेवटी डिंकाची रेघ ओढून झाल्यावर चकतीच फिरवली. आणि दिशा डिंकामागोमाग फिरली. मी डिंकाबद्दल वाचायला बसले तेव्हा जे कळलं ते इतकं साधं होतं की लाज वाटावी: हा डिंक थंडीत आकसतो, आणि उणे दीडशे अंशांच्या आसपास एकदम दगड होतो. दगड झाला की एका कडेनं स्फटिकाला ओढतो. म्हणजे ज्या तापमानाला इलेक्ट्रॉन निवड करतात असं आम्ही जगाला सांगत होतो, त्या तापमानाला फक्त डिंक घट्ट होत होता. ओला असतो तोवर तो ओढत नाही, धरून ठेवतोय असंही वाटत नाही. त्या संध्याकाळी मी घरी जाताना गाडीत बसून राहिले आणि उतरायचं स्टेशन मागे गेलं. मला राग आला होता. सरांचा नव्हे, सरांचा राग करायला मला पुष्कळ उशीर लागला. राग 'आपणहून' या एका शब्दाचा आला होता. त्या शब्दासाठी मी बटणं सोडली, झिपवाल्यांचा मुलगा सोडला, बाबांच्या शेवटच्या आजारात इथे तारा जोडत बसले. आणि तो शब्द डिंकाचा निघाला.

जानेवारीत सरांना सांगितलं तेव्हा ते घटकाभरसुद्धा गडबडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला. "अगं, मग बरोबरच आहे," म्हणाले. "टांगलेल्या स्फटिकात अर्धा भाग इकडे झुकतो, अर्धा तिकडे. बेरीज शून्य. टोकियो आणि ओसाका एकाच जिन्यावर. डिंक फक्त त्यांचं एकमत करतो." उत्तर लबाडीचं नव्हतं. कुठल्याही चांगल्या माणसानं हेच म्हटलं असतं, आणि मी दार ओढून बाहेर आले तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे इथे लपवत नाही. शब्द बचावला होता. पण तसं असेल तर विशिष्ट प्रकाश टाकून भिंगाखाली पाहिल्यावर ते इकडचे आणि तिकडचे भाग उजळ-गडद पट्ट्यांसारखे दिसायला हवेत. पलीकडच्या इमारतीत तसं भिंग आहे. मी टांगलेला स्फटिक थंड करत त्याखाली बघत बसले. दीडशेच्या खाली, दोनशेच्या खाली. पट्टे नाहीत, डाग नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच एक करडा रंग. आत टोकियो नव्हतं, ओसाका नव्हतं. कुणी कुणीकडे झुकलंच नव्हतं. ते छायाचित्र घेऊन फेब्रुवारीत मी पुन्हा सरांच्या खोलीत गेले. खोलीभर खोकी. पुस्तकं निम्मी भरलेली. सरांनी छायाचित्र खिडकीशी नेलं, चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.

"भिंग नीट होतं?"

"दुसऱ्या एका स्फटिकावर तपासलं, सर. त्याचे पट्टे स्वच्छ दिसतात."

"आणि थंडी पुरेशी?"

"पुरेशी होती."

सर बाहेर बघू लागले. खाली सायकलींच्या रांगेत कुणीतरी आपली सायकल शोधत होतं. ती सापडून तो निघून गेला तेव्हा सर वळले.

"कुराहाशी, हे मला एप्रिलमध्ये दाखव."

"एप्रिलमध्ये तुम्ही इथे नसाल."

"म्हणूनच म्हणतो. एप्रिलमध्ये मी म्हातारा झालेलो असेन. तेव्हा दाखव." छायाचित्र त्यांनी मला दोन्ही हातांनी परत दिलं, आमच्याकडे व्हिजिटिंग कार्ड देतात तसं. आणि मग, खोक्याला चिकटपट्टी लावता लावता, मान वर न करता: "ओसाकाला फोन करायचाय मला. व्याख्यान एकदा पार पडू दे."

मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण ठरवलं ते तिथेच ठरवलं, की एप्रिलमध्ये नाही. ज्या माणसानं मला भर सभेत तो शब्द दिला, त्यानं तो भर सभेत परत घ्यावा, किंवा मला खोटं पाडावं. खोटं पाडलं असतं तरी चाललं असतं. खरंच सांगते, मला ते जास्त आवडलं असतं. ओसाकाची जागा गेली असती तर गेली असती. असं मी महिनाभर स्वतःशी म्हणत होते, आणि आज सकाळी जिन्यावर माझे पाय मला न विचारता ओसाकात जाऊन उभे राहिले. पायांना जागा हवी होती.

व्याख्यानाआधी मागच्या खोलीत काजितानी टायची गाठ सारखी करत होता. तो आणि मी एकाच काळातले विद्यार्थी. तो पुढे सहयोगी प्राध्यापक झाला, एप्रिलपासून सरांचा मजला तो सांभाळणार, आणि आजच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही त्याचंच होतं.

"फुलं आली ना? झकास," तो म्हणाला. "अरे, एक लिली मोडलीय."

"यंदा फुलं तू दे."

"मी? मी दिली तर सरांना वाटेल मी त्यांना घालवायची घाई करतोय." तो हसला. "फुलं तूच देतेस की नेहमी. पहिल्या वर्षापासून देतेस."

"पहिल्या वर्षी मी बावीसची होते. तेव्हाही प्रयोगशाळेत मी एकटीच बाई होते आणि आताही एकटीच आहे, म्हणून देते."

"मग तेच म्हणतोय मी. कुणाला सांगू?"

मी पिशवी उघडून छायाचित्र बाहेर काढलं. अर्धंच निघालं असेल. काजितानीनं माझ्या हातावर हात ठेवून ते परत आत ढकललं. त्याचा हात गार होता.

"दाखवू नकोस. तू दाखवलंस तर मला माहीत होईल."

"तुला माहीत आहे."

"कानावर आहे. माहीत असणं वेगळं." त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मला एप्रिलपासून हा मजला चालवायचाय, कुराहाशी. पंधरा पोरं आहेत त्यात. झाकली मूठ राहू दे ना. तुझंही होतंय सगळं नीट, आई जवळ येईल, नोकरी कायमची. आणखी काय पाहिजे माणसाला?"

सभागृह भरलं होतं. मुनाकाताबाई पहिल्या रांगेत, राखाडी किमोनोत, हातात रुमाल तयार ठेवून. मी दुसऱ्या रांगेच्या कडेला, मांडीवर गुच्छ, पायाशी पिशवी. सर छान बोलले. ते नेहमीच छान बोलतात. जिना आला. "ही आमची कुराहाशी. ओसाकाची. आता सुधारली." मी गुच्छासकट उठले, ठरलेलं वाकले, बसले. करड्या कोटातला माणूस आठवला आणि पुन्हा कान तापले. मग स्फटिक, पदकं, मेलेल्या मित्रांची छायाचित्रं, बाबांच्या वयाचे कुणीकुणी. आणि शेवटी पडद्यावर माझा आलेख आला. टांगलेल्या स्फटिकाचा आणि चिकटवलेल्या स्फटिकाचा, शेजारी शेजारी, माझ्याच हातचा. रंगसुद्धा मी निवडलेले. "हे काम माझी सहकारी कुराहाशी ओरिए हिचं," सर म्हणाले. "या हिवाळ्यात तिनं दाखवून दिलं की स्फटिक एकटा सोडला तर त्याचं एकमत होत नाही. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. त्याला हलकासा आधार लागतो. तेवढा मिळाला की तो ठरवतो. माणसाचंही तसंच असतं. मला तुम्ही सगळ्यांनी तो आधार दिलात." मुनाकाताबाईंचा रुमाल डोळ्यांना गेला. मागे कुणीतरी नाक ओढलं. करडं छायाचित्र कुठेच नव्हतं. मी बघत राहिले की हा माणूस किती सुंदर चिकटवतो. माझंच काम, माझ्याच नावासकट, त्यानं एका कडेनं धरलं आणि आपल्याला समांतर लावलं, आणि आता ते कुणालाही तिरकं दिसणार नव्हतं.

टाळ्या ओसरल्यावर काजितानी ध्वनिक्षेपकापाशी आला. "खरं तर प्रश्नांची प्रथा नाही," तो म्हणाला, "पण कुणाला सरांशी दोन शब्द..." हे वाक्य दर वेळी म्हणतात आणि दर वेळी त्याच श्वासात पुढे जातात. त्या श्वासाआधी माझा हात वर गेला. उजवा. डाव्यात गुच्छ होता. सभागृहात माना वळल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तोच चेहरा होता जो तिरका स्फटिक काढून टाकताना असायचा. काजितानीचं तोंड क्षणभर उघडं राहिलं. मग ते हसरं झालं.

"हो, हो, कुराहाशी-सान. फुलं. या ना."

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. त्यानं मुद्दाम केलं की त्याला खरंच तसं वाटलं, हे मला कधी कळणार नाही. इतरांना मात्र खरंच तसं वाटलं, यात शंका नाही. माझा हात इतकी वर्षं फुलांसाठीच पुढे झाला होता. तो वर गेला तरी फुलांसाठीच गेला असणार. टाळ्यांत प्रश्न विचारता येत नाही. मी मंचावर चढले. ध्वनिक्षेपक हाताच्या अंतरावर होता, चालू होता, त्यावर छोटा हिरवा दिवा होता. पिशवी खाली खुर्चीपाशी राहिली होती. पण छायाचित्र लागतच नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मी सरांना दोन्ही हातांनी गुच्छ दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि मोडलेली लिली बोटानं सरळ करून दुसऱ्या फुलाला टेकवून ठेवली, ती राहिलीसुद्धा.

"हात कशासाठी होता, मला कळलं," सर ओठ फारसे न हलवता म्हणाले. समोर मोबाईल वर झाले होते. "चांगला प्रश्न ठरला असता."

"उत्तर होतं तुमच्याकडे?"

"नाही." ते कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. "फोन मी सकाळीच केला, ओरिए. ते हो म्हणाले."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नव्हती. फोन सकाळीच केला होता. म्हणजे मी जिन्यावर उजवीकडे उभी होते तेव्हा कदाचित माझं नोकरीचं झालेलं होतं. म्हणजे आता मला धरून ठेवणारं काही नव्हतं. ध्वनिक्षेपक होता, हिरवा दिवा होता, टाळ्या थांबत आल्या होत्या. मी बोलले तर काहीही जाणार नव्हतं, आणि तरी तोंड उघडेना.

"कुराहाशी-सान," खालून काजितानी मोबाईल धरून म्हणाला, "सर झाकले जातायत. जरा डावीकडे."

त्याची डावी की माझी, हे मी विचारलं नाही. मला कुणी हात लावला नाही, कुणी ओढलं नाही. मी आपणहून डावीकडे सरकले.